प्रोसेसरचं पाळीपत्रक

दिवस मावळला की कोयनानगरच्या बाजारपेठेत दिवे लागतात, आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्यातल्या लाखो घरांतही दिवे, पंखे, मोटारी सुरू होतात. महाराष्ट्राची विजेची मागणी चढू लागते. औष्णिक केंद्रातला गार पडलेला संच पुन्हा भारावर यायला कित्येक तास घेतो. कोयनेचं जनित्र काही मिनिटांत येतं. म्हणून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून निरोप येतो, शिवसागर जलाशयाचं पाणी नवजाजवळच्या तोंडातून बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चाकं फिरू लागतात. रात्री उशिरा मागणी उतरली की तीच चाकं थांबवली जातात.

यंत्रं चालवणं हा यातला एक भाग झाला. खरी कसोटी पाण्याच्या हिशोबाची. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलं आहे. हिशोबाचं वर्ष १ जूनला उघडतं आणि ३१ मेला मिटतं. पश्चिमेला सोडलेलं पाणी पोफळी, मग कोळकेवाडी करत वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. ते परत मागता येत नाही. धरणाच्या पायथ्याशी २० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांच्यातून सुटणारं पाणी कोयनेच्या पात्रातून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत जातं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवाटे सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांत चढतं. साठा एक, मागणारे अनेक, आणि प्रत्येकाची नड वेगवेगळ्या वेळेची. पावसाने ओढ दिली तर विजेच्या वाट्याला कात्री लावून पाणी पूर्वेकडे राखायचं, असे निर्णयही राज्याने घेतलेले आहेत.

संगणकाच्या प्रोसेसरपुढे हाच प्रश्न दर सेकंदाला शेकडो वेळा उभा राहतो. एका मोबाइलवर एकाच वेळी गाणं वाजत असतं, संदेश येत असतो, नकाशा सरकत असतो, मागे कुठेतरी फोटोंची नक्कल ठेवली जात असते. प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकच काम करू शकतो. मग कोणाला आधी घ्यायचं, किती वेळ चालू द्यायचं, मध्येच थांबवायचं का, आणि थांबवलं तर पुन्हा कधी बोलवायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग ठरवतो त्याला शेड्युलर म्हणतात. ज्या रीतीने तो ठरवतो ती शेड्युलिंगची पद्धत, अल्गोरिदम. आणि चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक प्रोसेस.

मराठीत शेड्युलिंगला शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. साताऱ्या-सांगलीच्या रानात तो रोज वापरात आहे: पाळी. रात्री-अपरात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला पाळी म्हणजे काय, ती चुकली तर काय होतं आणि वरच्याने जास्त वेळ घेतला तर खालच्याचं काय होतं, हे समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्राच्या कालव्यांवर शेजपाळी चालते. मागणी मंजूर झालेल्या शेतकऱ्याची पाळी आली की रान भिजेपर्यंत पाणी त्याचं, मग शेजारच्याचं. वरचा रेंगाळला की टेलचा शेतकरी ताटकळतो. पंजाब-हरियाणातली वाराबंदी निराळी. तिथे आठवड्याचं चक्र असतं आणि जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे प्रत्येकाला ठरावीक वार, ठरावीक तास-मिनिटं मिळतात. रान भिजो न भिजो, वेळ संपली की पाणी पुढच्याकडे जातं.

या दोन पद्धतींमध्ये प्रोसेसरच्या पाळ्यांचं निम्मं शास्त्र आलं. शेजपाळी म्हणजे जवळजवळ ‘जो आधी येईल तो आधी’, अभ्यासक्रमातलं एफसीएफएस. वाराबंदी म्हणजे राउंड रॉबिन, तेही प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वाटा देणारं.

पुढची प्रकरणं हे शास्त्र हाताने लिहून शिकू पाहणाऱ्यांसाठी आहेत. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात, किंवा महाराष्ट्रातल्या अशा कुठल्याही महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींपुढे ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग येतोच: एफसीएफएस, एसजेएफ (सर्वांत लहान काम आधी), प्रायॉरिटी आणि राउंड रॉबिन यांचे प्रोग्राम लिहा, गँट चार्ट काढा, सरासरी वेटिंग टाइम सांगा. बहुतेक वह्यांत तो पूर्ण होतो आणि विसरला जातो, कारण सूत्रं पाठ करून उत्तर काढता येतं. पण ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने, कोऱ्या फाइलपासून सुरुवात करून शेड्युलर लिहिला, त्याला पुढे कुठलीही रांग पाहिली तरी तिच्यात कोण अडकलं आहे हे आधी दिसतं. ही नजर तयार व्हावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

इतिहासात ही नजर यायलाही वेळ लागला. सुरुवातीच्या संगणकांवर कामं गठ्ठ्याने टाकत. एक संपलं की दुसरं. प्रोग्राम लिहिणारा माणूस कार्डांचा गठ्ठा देऊन जायचा आणि तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, निकाल घ्यायला यायचा. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, आणि तो आपल्या एकट्यासाठीच चालतो आहे असं प्रत्येकाला वाटावं, असा तिचा बेत होता. त्यासाठी त्यांनी रांगांची उतरंड लावली. थोडक्यात आटपणारी कामं वरच्या रांगेत राहत. जे काम दिलेला वेळ संपूनही उरायचं ते खालच्या रांगेत जायचं. तिथे त्याची पाळी उशिरा यायची, पण आली की मोठी असायची. आजच्या शेड्युलरांची वंशावळ त्या रांगांपर्यंत मागे नेता येते. कोर्बाटोंना १९९० साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रात या विषयाचं एक फार सुंदर उदाहरण पुण्यात घडलं. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिप होत्या. या चिपची खासियत अशी की शेड्युलर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नव्हता, तो चिपच्या अंगातच होता. प्रोसेसच्या दोन रांगा, एक वरच्या मानाची आणि एक खालच्या मानाची. प्रत्येक रांगेसाठी दोन रजिस्टर्स: एकात रांगेच्या डोक्याचा पत्ता, दुसऱ्यात शेपटीचा. वरच्या रांगेतली प्रोसेस स्वतः थांबेपर्यंत चालायची. खालच्या रांगेतल्यांना एक-दोन मिलिसेकंदांच्या पाळ्या मिळायच्या. विद्यार्थी आज पायथनमध्ये दहा ओळींत जी रांग लिहितो, तीच तिथे सिलिकॉनमध्ये कोरलेली होती.

आता जवळून पाहायचं तर तीन प्रोसेस पुरेत. क ही काळाच्या ० व्या एककाला येते आणि तिला ८ एककं प्रोसेसर लागतो. ख ही १ ला येते, तिला ४ लागतात. ग ही २ ला येते, तिचं काम फक्त २ एककांचं.

पहिली रीत शेजपाळीची. क ० ते ८, ख ८ ते १२, ग १२ ते १४. वाट पाहण्याचा वेळ अनुक्रमे ०, ७ आणि १०. सरासरी सुमारे ५.६७. दोन एककांच्या कामासाठी ग दहा एककं खोळंबली. कराड-चिपळूण रस्त्याने कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. पुढे मालाने भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतो आणि मागे गाड्यांची माळ लागते. मागची मोटार कितीही वेगवान असो, तिला ट्रकचा वेग. संगणकशास्त्रात याला कॉन्व्हॉय इफेक्ट म्हणतात. एफसीएफएस लिहायला सर्वांत सोपं, पण ही कोंडी त्याचा सर्वांत मोठा दोष.

दुसरी रीत: ज्याचं उरलेलं काम सर्वांत कमी, त्याला पुढे घ्या, आणि नवं छोटं काम आलं तर चालू काम बाजूला ठेवा. इथे क ० ते १, ख १ ते २, ग २ ते ४, परत ख ४ ते ७ आणि शेवटी क ७ ते १४. वाट पाहणं क चं ६, ख चं २, ग चं शून्य. सरासरी २.६७. सरासरी वेटिंग टाइम हाच निकष धरला तर याहून चांगला क्रम लावता येत नाही, हे गणिताने सिद्ध करता येतं.

तिसरी रीत राउंड रॉबिन, पाळी दोन एककांची. हिच्यात एक गाठ आहे आणि ती सोडवताना प्रोग्राम लिहिण्याचं खरं शिक्षण मिळतं. २ व्या एककाला दोन गोष्टी एकदम घडतात: क ची पाळी संपते आणि ग दारात येते. रांगेत ख आधीच उभी आहे. तिच्या मागे आधी कोण लागेल, ग की क?

नव्याने आलेल्याला आधी लावलं, तर क्रम होतो क, ख, ग, क, ख आणि मग शेवटपर्यंत क. वाट पाहणं ६, ५ आणि २, सरासरी ४.३३. पाळी संपलेल्याला आधी लावलं, तर ख नंतर पुन्हा क येते, ग ला ६ व्या एककापर्यंत थांबावं लागतं, आणि वाट पाहणं होतं ६, ५ आणि ४; सरासरी ५. पद्धतीचं नाव तेच, पाळी तेवढीच, प्रोसेस त्याच. फरक पडला तो प्रोग्राममधल्या दोन ओळींच्या क्रमाने. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलींची उत्तरं जुळत नाहीत, दोघी एकमेकींची सूत्रं तपासतात, आणि चूक कुणाचीच नसते. नियम लिहून ठेवलेला नव्हता. परीक्षेत बहुधा नव्याला आधी घ्यायची रूढी पाळतात. पुढच्या प्रकरणांतही तीच पाळली आहे, पण ती रूढी आहे हे तिथे ठळक सांगितलं आहे.

प्रोग्रामची बांधणी अशी असते. प्रत्येक प्रोसेसच्या पाच नोंदी: नाव, येण्याची वेळ, लागणारा वेळ, उरलेला वेळ, संपल्याची वेळ. एक घड्याळ, म्हणजे शून्यापासून वाढत जाणारी एक संख्या. आणि तयार असलेल्यांची एक रांग. घड्याळ पुढे सरकतं, आलेल्यांना रांगेत घेतलं जातं, डोक्याशी असलेल्याला पाळी मिळते, काम उरलं तर तो शेपटीला जातो. बस, एवढंच.

एवढ्यातही ठेचा लागतात, आणि त्या ठरलेल्या जागीच लागतात. ‘लागणारा वेळ’ आणि ‘उरलेला वेळ’ या नोंदी वेगळ्या ठेवल्या नाहीत, आणि प्रत्येक पाळीगणिक मूळ आकड्यातूनच वजाबाकी केली, तर शेवटी तो आकडा शून्य होतो. मग वेटिंग टाइम काढताना टर्नअराउंड टाइममधून, म्हणजे आल्यापासून संपेपर्यंतच्या वेळातून, शून्य वजा होतं आणि तक्त्यातले दोन्ही रकाने सारखेच दिसतात. हे सारखेपण डोळ्याला खटकलं पाहिजे. शेवटच्या पाळीत प्रोसेसला एकच एकक हवं असताना घड्याळ दोन एककं पुढे ढकलणं, ही दुसरी नेहमीची चूक. पाळी आणि उरलेला वेळ यांतला जो लहान, तेवढंच घड्याळ सरकलं पाहिजे. तिसरी सर्वांत त्रासदायक. रांग रिकामी आहे, पण एक प्रोसेस अजून यायची आहे. प्रोग्राम मात्र रांगेत कोणी नाही म्हणून घड्याळच हलवत नाही, आणि घड्याळ हलत नाही म्हणून ती प्रोसेस कधी येतच नाही. पडद्यावर काहीच उमटत नाही, फक्त पंखा घरघरत राहतो.

भाषा कोणती निवडावी, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. सी मध्ये लिहिलं तर रांग स्वतः बांधावी लागते: एक अ‍ॅरे, डोक्याचा निर्देशांक, शेपटीचा निर्देशांक. ट्रान्सप्युटरच्या दोन रजिस्टर्सचं मर्म तिथे हाताला लागतं. पायथनमध्ये साधी लिस्ट वापरून पहिला घटक काढला, तर मागचे सगळे घटक एकेक जागा पुढे सरकवावे लागतात. तीन प्रोसेसना ते जाणवत नाही, तीन लाखांना जाणवतं. त्यासाठी पायथनमध्ये डेक आहे. त्याच्या दोन्ही टोकांना घालणं-काढणं सारखंच झटपट. सर्वांत लहान काम आधी निवडायचं असेल, तर दरवेळी सगळी यादी चाळण्यापेक्षा हीप बरा. सर्वांत लहान घटक त्याच्या माथ्यावरच असतो. पद्धत बदलली की साठवणीची रचना बदलते, हे एकदा उमगलं की भाषेचा प्रश्न मागे पडतो.

पाळी केवढी ठेवायची, हाही तितकाच मोलाचा प्रश्न. ती आठ एककांची केली तर वरच्या उदाहरणात राउंड रॉबिन आणि एफसीएफएस यांत काही फरक उरत नाही. फार लहान केली तर अदलाबदलच फार होते. आपल्या तीन प्रोसेसमध्ये एफसीएफएसला फक्त दोनदा प्रोसेस बदलावी लागली, राउंड रॉबिनला पाच वेळा. प्रत्येक बदलात चालू प्रोसेसची रजिस्टर्स जपून ठेवायची, पुढचीची काढायची, हा खर्च असतो आणि त्या वेळात कोणाचंच काम होत नाही. पोफळीचं जनित्र काही मिनिटांत भारावर येतं म्हणून त्याला दर मिनिटाला चालू-बंद करत नाहीत, तसंच हे. विजेच्या व्यवहारात देशभर दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडलेले आहेत आणि आदल्या दिवशीच प्रत्येक ब्लॉकचं वेळापत्रक मांडलं जातं. कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची, हे बदलत्या खर्चाच्या चढत्या क्रमाने ठरतं. त्याला मेरिट ऑर्डर डिस्पॅच म्हणतात. संगणकाच्या भाषेत सांगायचं, तर तो खर्चाच्या किल्लीवर लावलेला हीप आहे.

सर्वांत लहान काम आधी, ही पद्धत कागदावर सर्वोत्तम. पण काम किती लांबेल हे आधी कोण सांगणार? पुस्तकातल्या गणितात लागणारा वेळ, म्हणजे बर्स्ट टाइम, दिलेला असतो, खऱ्या संगणकात नसतो. तिथे मागच्या अनुभवावरून अंदाज बांधतात. आधीचा अंदाज ८ चा होता आणि प्रत्यक्षात ४ लागले, तर नवा अंदाज दोन्हींच्या मधला, ६. पुढे २ लागले, तर अंदाज ४. ताज्या अनुभवाला जास्त वजन, जुन्याला कमी होत जाणारं. उद्याच्या ९६ ब्लॉकची मागणी मांडणाऱ्यालाही आजचा आणि मागच्या दिवसांचा भार पाहूनच आकडा धरावा लागतो.

या पद्धतीची दुसरी बाजू मात्र क ला विचारावी. सरासरी २.६७ वर आली ती क ला मागे ठेवून. अशी छोटी कामं एकामागून एक येतच राहिली, तर क ची पाळी कधीच येणार नाही. याला स्टार्व्हेशन म्हणतात, उपासमार. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक आख्यायिका सांगतात: एमआयटीतला आयबीएम ७०९४ हा संगणक १९७३ मध्ये बंद केला, तेव्हा त्याच्यात १९६७ साली टाकलेलं कमी प्राधान्याचं एक काम अजून सुरूही न झालेलं सापडलं.

१९६७ हे साल कोयनानगरात उच्चारलं की लोकांना ११ डिसेंबरची पहाट आठवते. भूकंपाने तेव्हा हे गाव उद्ध्वस्त केलं. पण त्याच्याही आधीपासून इथे एक रांग उभी आहे. शिवसागराच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्या धरणग्रस्त कुटुंबांच्या पुनर्वसनाची. २०१८ साली याच कोयनानगरात त्यांनी आपल्या मागण्यांसाठी ठिय्या दिला, म्हणजे धरण उभं राहून पन्नासहून अधिक वर्षं लोटल्यावर. राज्याला १,९६० मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प मिळाला, दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळालं, सरासरी नक्कीच सुधारली. शेड्युलर लिहिणाऱ्याने आपल्या तक्त्यात सरासरीच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा, सर्वांत जास्त वाट कोणी पाहिली याचा, असा आग्रह पुढच्या प्रत्येक प्रकरणात धरला आहे, तो अशा रांगा डोळ्यांपुढे ठेवून.

उपासमारीवर उपाय आहेत आणि ते लिहायला अवघड नाहीत. एक उपाय वयाचा मान: जितकं जास्त थांबलं, तितकं प्राधान्य वाढवत न्यायचं. डेन्मार्कचे पेर ब्रिंक हॅन्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या रीतीत वाट पाहण्याचा वेळ आणि कामाचा वेळ यांची बेरीज घेऊन तिला कामाच्या वेळाने भागतात; ज्याचं उत्तर मोठं, तो पुढे. छोटं काम लवकर पुढे सरकतं, पण मोठ्या कामाचाही आकडा वाट पाहता पाहता वाढत जातो आणि एक दिवस त्याची पाळी येतेच.

दुसरा उपाय खातं ठेवण्याचा. लिनक्समध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस हा शेड्युलर आला. त्याच्याआधी न्याय्य वाटपाच्या कल्पनेचा पाठपुरावा कॉन कोलिव्हास करत होते, जे पेशाने ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर. सीएफएस प्रत्येक प्रोसेसच्या नावावर तिने वापरलेला वेळ मांडायचा, प्राधान्याच्या वजनाने भागून; आणि ज्याला तोवर सर्वांत कमी मिळालं, त्याला आधी उठवायचा. ही खाती लाल-काळ्या झाडात (रेड-ब्लॅक ट्री) रचलेली असायची आणि सर्वांत कमी मिळालेला नेहमी डाव्या टोकाला सापडायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिनक्स ६.६ पासून त्याची जागा ईईव्हीडीएफने घेतली. तिचा मूळ शोधनिबंध १९९५ च्या आसपासचा. किती मिळालं याच्या जोडीला कधीपर्यंत मिळायला हवं, हेही ती पाहते. १ जूनपासून किती टीएमसी वापरलं आणि किती उरलं, हे रोज मांडणाऱ्या कोयनेच्या वहीशी या खात्यांचं नातं जवळचं आहे.

प्राधान्याच्या पद्धतींमध्ये आणखी एक धोका लपलेला असतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागलं. हवामानाची नोंद करणाऱ्या, कमी मानाच्या कामाने एक सामायिक कुलूप धरून ठेवलेलं असे. त्याच कुलपासाठी वरच्या मानाचं एक काम थांबलेलं असे. आणि मधल्या मानाची कामं खालच्याला पुढे सरकू देत नसत. म्हणजे वरचा खालच्यासाठी अडला आणि खालच्याला मधले अडवून बसले. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरच्याचा मान उसना द्यायचा, ही सोय प्रणालीत होती, पण बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि यान ताळ्यावर आलं.

पाण्याची उपमा किती ताणायची, याला मर्यादा आहे आणि ती आधीच सांगणं बरं. पाणी शिवसागरात साठवून ठेवता येतं, संध्याकाळसाठी राखता येतं. प्रोसेसरचा वेळ साठवता येत नाही; रिकामा गेलेला मिलिसेकंद कुठल्याच जलाशयात जमा होत नाही. म्हणूनच रांगेत एक जरी काम तयार असेल, तर सर्वसाधारण शेड्युलर प्रोसेसरला बसू देत नाही. शिवाय कालव्याचं दार माणूस बंद करतो. प्रोसेसर चालू प्रोसेसच्या हातून काढून घेतो तो टायमर. ठरावीक वेळाने टायमरचा इंटरप्ट येतो, प्रोसेसर हातातलं सोडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतो आणि शेड्युलरला निवाडा करायची संधी मिळते. सरावाच्या प्रोग्राममध्ये घड्याळ ही साधी संख्या असल्यामुळे हा धक्का जाणवत नाही. तो ज्याला पाहायचा असेल, त्याने एमआयटीत शिकवण्यासाठी बनवलेली एक्सव्ही-६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उघडावी. तिच्यातला शेड्युलर ६४ जागांचा तक्ता क्रमाने चाळत जातो. तो वाचायला एक चहा पुरतो, समजायला एक रविवार.

पुढच्या पानांसाठी फार पूर्वतयारी लागत नाही. लूप, अट आणि यादी यांची ओळख, एक वही, एक पेन्सिल. प्रत्येक प्रकरणात आधी वहीत पट्टी आखून पाळ्या हाताने भरायच्या आणि मगच प्रोग्राम चालवायचा, हा क्रम मोडू नये. यंत्राचं उत्तर आणि हाताचं उत्तर जुळलं नाही, तर शिकण्यासारखं काही सापडलं असं समजून तिथेच थांबावं.

पहिला सराव इथूनच सुरू करता येईल. क, ख, ग यांच्या जोडीला घ नावाची चौथी प्रोसेस घ्यावी, जी २० व्या एककाला येते आणि जिला एकच एकक लागतं. एफसीएफएसचा प्रोग्राम लिहून चालवावा. त्याने १४ ते २० ही सहा एककं रिकामी दाखवली, घ ला २१ ला मोकळं केलं आणि तिचा वेटिंग टाइम शून्य छापला, तर घड्याळ बरोबर बसलं आहे. मग शेजपाळी सोडून वाराबंदीकडे, म्हणजे राउंड रॉबिनच्या प्रकरणाकडे वळायला हरकत नाही.